पाहुण्यापासून लपवलेली हिल्डा

३ जुलै २०१७ रोजी सरहद्दीवरच्या त्या ठाण्याला कुत्र्यांच्या खाण्यासाठी महिन्याचे २१२ दीनार ७५० फिल्स मिळाले. कुत्री नऊ होती. ट्रकमध्ये लपवलेली स्फोटकं हुंगून काढण्यासाठी बाहेरच्या एका देशाने ती भेट दिली होती. त्यांच्याबरोबर आलेल्या खाद्याची शेवटची गोणी मे महिन्यातच झटकून झाली होती. मिथकालने रकमेला नऊने भागलं आणि कोंबडीवाल्याकडे माना आणि पाय काय भावाने मिळतील ते विचारायला तो निघाला.

मिथकाल मफ्रक शहराच्या पूर्वेकडच्या एका गावचा. थोरल्या मुलाच्या नावावरून गाव त्याला अबू शाहेर म्हणे. तेवीस वर्षं वाळवंटातल्या गस्तीत काढून तो निवृत्त झाला, दोन महिने घरी बसला आणि तेवढ्यात फिद्दाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच्याकडून तीन वेळा गच्ची धुऊन घेतली. तेव्हा ठाण्यावर कुत्र्यांची देखभाल करायला माणूस हवा आहे असं कळताच त्याने ती नोकरी धरली. गावातला दुकानदार हाबिस त्याला म्हणाला होता, "बापजाद्यांनी घोड्या पाळल्या आणि तू कुत्र्यांचा खानसामा झालास होय रे?" फिद्दाने टोमणा मारला नाही, नियम केले. बूट फाटकाबाहेर. कामाचे कपडे वेगळ्या टबात. डब्याला कुत्र्याची लाळ लागली तर धर्मात सांगितल्याप्रमाणे तो सात वेळा धुवायचा आणि त्यातली एक खेप मातीने घासायची. मिथकाल सगळं बिनबोभाट पाळत असे.

नवांमध्ये हिल्डा ही पिवळी लॅब्रॅडॉर त्याच्या विशेष जवळची. पहिल्याच हिवाळ्यात ती कांद्याच्या एका ट्रकमागे बसली ती उठेचना. वास लागला की बसायचं, हे तिचं शिक्षण. ट्रकवाला आई-मुलांच्या शपथा घेत होता, रांगेतले लोक खोळंबून शिव्या देत होते. शेवटी फळ्या उचकटल्या तेव्हा खाली अकरा किलो स्फोटक दारू निघाली. प्रशस्तिपत्र ठाण्याचे प्रमुख कप्तान गालेब यांच्या नावे आलं. हिल्डाला मिथकालने आपल्या डब्यातली अर्धी कोंबडी दिली आणि घरी जाऊन डबा सात वेळा धुतला.

त्या उन्हाळ्यात मात्र सगळंच उतरणीला लागलं. कुत्र्यांच्या खोल्यांतलं थंड हवेचं यंत्र जूनमध्ये बंद पडलं. कप्तानाने दुरुस्तीसाठी चार पत्रं पाठवली, चारही पत्रांची पोच आली, मेकॅनिक आला नाही. मिथकाल पत्र्यावर ओली पोती टाकी, ती अर्ध्या तासात पापडासारखी वाळत. माना आणि पाय खाऊन कुत्री जगत होती, पण भरत नव्हती. हिल्डा एकोणतीस किलोंवरून एकवीसवर आली. उभी राहिली की तिचे मागचे पाय थरथरत.

अशात निरोप आला की भेट देणाऱ्या देशाची एक जनावरांची डॉक्टरीण कुत्री पाहायला येणार आहे.

पुढे जे झालं त्याचा दोष लोकांनी कप्तानाला दिला. खरं म्हणजे ती कल्पना मिथकालची. त्याच्या लोकांत रीतच अशी. कुणी घोडी भेट दिली आणि वर्षाने तो घरी आला, तर घोडी खरारा करून, मण्यांचा गोंडा बांधून त्याच्यापुढे आणायची. ती खंगलेली असेल तर पाहुणा असेपर्यंत चुलत्याच्या कुरणावर धाडायची. दिलेल्या वस्तूचे हाल देणाऱ्याला दाखवणं म्हणजे भरल्या ताटावर त्याचा अपमान करणं. मिथकालच्या वडिलांनी हे केलं होतं, आजोबांनी केलं होतं, आणि घोड्या पुढच्या पावसात पुन्हा भरल्या होत्या.

"साहेब, सात जनावरं दाखवण्याजोगी आहेत," तो कप्तानाला म्हणाला. "हिल्डा आणि तो काळा ब्रूनो, दोघांना मागच्या कोठारात ठेवतो. तासाभराचा प्रश्न आहे."

"तिने मोजली तर?"

"पाहुणा यजमानाच्या घरची भांडी मोजत नाही, साहेब."

कप्तानाने समोरची दुसरी फाईल उघडली. मिथकालने ते होकार म्हणून घेतलं. कोठारात पाण्याची बादली ठेवली, दोघांना आत घातलं आणि बाहेरून कडी लावली.

डॉक्टरीण सकाळी अकराला आली. सात कुत्री पाहिली, दात पाहिले, कपाळाला आठ्या घालून लिहून घेतलं. मग जेवण. भातावर अख्खा मेंढा, वर आटवलेलं दही. अशा ताटावरून पाहुण्याला लवकर उठवता येत नाही. चहा झाला, कॉफी झाली. मिथकालचा एक डोळा घड्याळावर होता. कोठाराचं छप्पर पत्र्याचं होतं. पाहुणीसमोरून उठून कडी काढायला जावं, तर लपवलेलं उघडं पडणार. तो बसून राहिला.

अडीच वाजता हात धुवायला म्हणून ती बाई मागे गेली. कुत्र्यांच्या नऊच्या नऊ परातींवर तिची नजर आधीच गेली होती. कडी तिने स्वतः काढली. बादली उलटली होती. ब्रूनो मेला होता. हिल्डा दाराच्या फटीला नाक लावून पडली होती आणि श्वास घेत होती. बाईने आधी फोटो काढला, मग तिला उचललं.

दहा दिवसांत तो फोटो समुद्रापार जाऊन परत आला. तिकडे लोक रस्त्यावर उतरले, आमची कुत्री परत आणा म्हणाले, दिलेल्या पैशांचा हिशेब मागू लागले. इकडे राजधानीत, अम्मानमध्येही संतापाची लाट आली. देशाच्या नावाला काळिमा लागला, असं मोठमोठी माणसं लिहू लागली. हाबिसच्या दुकानात रोज वाद. कुणी म्हणे, दिली त्यांनी, मग खाद्य आणि यंत्रं कोण देणार? कुणी म्हणे, घेतली आपण, तर पोसायची आपणच. गल्लीतल्या कुत्र्यांना धोंडे मारण्यात ज्यांचा हात कोणी धरला नसता, तेही फोनवर तो फोटो दाखवून चुकचुकत होते. दोन्ही सरकारांनी समित्या नेमल्या. ही राष्ट्राची जबाबदारी आहे, यावर दोन्ही समित्यांचं एकमत होतं; कोणत्या राष्ट्राची, एवढंच ठरायचं होतं. कप्तानाची बदली झाली.

सात कुत्री विमानाने परत न्यायचं ठरलं. हिल्डाची मूत्रपिंडं बिघडली होती. ती ना कामाची राहिली होती, ना प्रवासाच्या लायक. अशा जनावराला सुई देऊन संपवायचं, असा त्यांचा नियम. डॉक्टरणीने पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि एक फॉर्म ठेवला. कुणी नाव-पत्ता देऊन, तिला ओळखतो आणि मरेपर्यंत सांभाळतो असं लिहून दिलं, तर सुई टळेल.

ठाण्यावर कुणी फॉर्मला हात लावेना. चौकशी संपेपर्यंत कशावरही सही करायची नाही, असा तोंडी हुकूम होता. नव्या अधिकाऱ्याने मिथकालला बसवून समजुतीने सांगितलं, "काका, सही केलीत की चौकशीवाले विचारणार, तुमचा या कुत्रीशी संबंध काय. मग कडीवर येणार. आत्ता दोन देश भांडताहेत, त्यात तुमचं नाव कुठेच नाही. गप्प राहा, नोकरी वाचेल."

तेरा दिवस मिथकाल गप्प राहिला. रोज हिल्डाला चमच्याने भाताची पेज पाजी. ती दोन घोट घेई आणि त्याच्या मनगटावर हनुवटी ठेवून पडे. ज्या हाताने कडी लावली तोच हात तो, हे तिला कळत नाही असं त्याला वाटे. कळत असावं असंही वाटे.

चौदाव्या दिवशी सकाळी त्याने फिद्दाला सगळं सांगितलं. कडीचंही. तोवर तिलाही ते कप्तानाचंच काम वाटत होतं. ती कणीक मळायची थांबली.

"दुकानात सगळे देश देश करताहेत," ती म्हणाली. "मी म्हणत होते, देशाने कुठल्या हाताने कडी लावली असेल."

"तुला घरात कुत्रं चालणार नाही."

"घरात नाहीच चालणार. ऑलिव्हच्या झाडाखाली चालेल. पण पोती आणू नकोस, वासाची असतात. माझी जुनी गोधडी घे."

त्याने सही केली. दोन दिवसांनी चौकशीवाल्यांनी बोलावलं. हुकूम कुणाचा होता, असं त्यांनी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा तो म्हणाला की हुकूम नव्हता, त्यालाच लाज वाटली होती. असं उत्तर लिहायला त्यांच्या कागदावर रकाना नव्हता. त्यांनी 'निष्काळजीपणा' असं लिहिलं. नोकरी गेली, सैन्यातलं पेन्शन राहिलं. दोन समित्यांचे अहवाल आले तेव्हा दोन्हीकडची माणसं दुसऱ्या कशावर तरी संतापलेली होती.

हिल्डाला तो गावातल्या भाजीवाल्या नवाफच्या पिकअपमधून आधी इर्बिदच्या जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. नवाफ गाडीत कुत्रं घ्यायला तयार नव्हता. मागे ताडपत्री टाकून घेतलं आणि वाटभर बडबडत राहिला की आता उद्या भाजी कशी भरायची. मिथकाल तिच्याबरोबर मागेच बसला. डॉक्टर म्हणाला, वर्षभर जगेल, कदाचित दोन. पाणी कधी कमी पडू देऊ नका.

आता ती चोवीस किलो आहे. फिद्दा तिला शिवत नाही. पण परात रिकामी दिसली की नळाची नळी लांबून धरते. हाबिस अजून खानसामा म्हणतो. मिथकाल ऐकून घेतो.

इर्बिदचं जाण्यायेण्याचं भाडं वीस दीनार ठरलं होतं. चौदा त्याच दिवशी दिले. नवाफचे सहा दीनार द्यायचे राहिले आहेत.