नाटक पाहायला आलेली बाई

कँप-एक या कामगार वस्तीत आम्ही कारखान्यातले मराठी लोक नाटकं करायचो. तिकिटाऐवजी प्रेक्षक ओंजळभर तांदूळ आणत. बांधकामावर अपघात झालेल्या मजुराच्या घरी तो जाई.

एक बाई दर प्रयोगाला पुढेच बसायची, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. लुगडं नेसलेला आमचा नट आला की ओरडायची, "बाई वो, मिशा दिसून राहिल्या तुह्या!" सगळा मांडव हसायचा.

मग तिचा नवरा बांधकामाच्या मचाणावरून पडून वारला. पुढच्या प्रयोगाआधी मी तिला नाव पुकारून मंचावर बोलावलं आणि तिचं दुःख सांगितलं. समोर माणूस दिसला की लोकांचा हात सैल होतो, आमचं नाटक मंडळ वाढतं, असं मला वाटे. ती लोकांकडे पाठ करून उभी राहिली. तांदळाची पोती भरली.

उतरताना ती हळूच म्हणाली, "भाऊ, मी नाटक पाहाले येत होती. मलेच कावून दाखवलं?"

त्यानंतर आम्ही कोणाचंही नाव न पुकारता तांदूळ गुपचूप घरी पोचवू लागलो. तो कमी जमू लागला, मंडळ लहानच राहिलं. ती मात्र पुन्हा आली नाही.

तिचं नाव मला आठवतं. एकदा ते चारचौघांत पुकारलं, तेवढं पुरे. इथे लिहीत नाही.