कोळशातला संसार

"आमच्या आजोबांचे दोन संसार होते. एक कल्याणात आणि एक कोळशात."

माईकवरचे अण्णा एवढं बोलून थांबले. हशा यायला वेळ दिला त्यांनी. हशा आला. एका घराण्याचं संमेलन, डोंबिवलीतला एसी हॉल, पैठण्या, अत्तराचा वास, प्रत्येकाच्या गळ्यात कुळाचं नाव छापलेलं ओळखपत्र. शेजारची बाई हसता हसता माझ्या खांद्याला टेकली. "भारी सांगतात ना अण्णा?"

मीही हसले. सगळे हसले म्हणून हसले. मग कळलं, कुणावर ते.

कोळशातला संसार म्हणजे माझी पणजी.

अण्णा पुढे सांगतच होते. आजोबा भट्टीवर गेले की दिवसेंदिवस परतायचे नाहीत. आल्यावर आजी विचारायची, तुम्हाला काळ्या मालाची इतकी का ओढ? परत हशा. यावेळी माझं तोंड उघडलं नाही.

मी तिथे कशी गेले, ते सांगते.

बाबा एमआयडीसीत केमिकल कंपनीत होते. आम्ही मानपाड्याला राहतो. लहानपणी मी विचारायचे, आपलं गाव कुठलं? चाळीत प्रत्येकाला गाव होतं. कुणाचं रत्नागिरीकडे, कुणाचं साताऱ्याकडे. मे महिन्यात चाळ रिकामी व्हायची आणि आम्ही उरायचो. बाबा म्हणायचे, "आपण इथलेच." बस. पुढे बोलायचे नाहीत.

बाबा गेले. बाराव्याला गुरुजींनी काकांना नावं विचारली. बाबांचं सांगितलं. आजोबांचं सांगितलं. त्याच्या मागचं विचारलं तर काका खाली बघत राहिले. गोत्र विचारलं, तेही नाही. गुरुजींना अशांची सवय असावी. म्हणाले, "काश्यप म्हणा. माहीत नसलं की काश्यप."

परतताना रिक्षात मी काकांना विचारलं. "नाव माहीत नाही की सांगायचं नाही?"

काका म्हणाले, "सांगण्यासारखं नाही."

पण थोडं सांगितलं. कल्याणात एक शेठ होता. लाकडाची आणि कोळशाची वखार. शिळफाट्याच्या पलीकडे डोंगराखाली त्याच्या भट्ट्या लागायच्या. कातकरी लाकूड तोडायचे, भट्टी रचायचे, राखण करायचे. त्यातल्या एका बाईपासून शेठला मुलगा झाला. तो माझा आजोबा. मोठा झाल्यावर त्याला वखारीत पोती उचलायला आणलं. तो बापाला शेठ म्हणायचा. शेवटपर्यंत.

"आणि त्या बाईचं नाव?"

"कातकरणीचं नाव कोण लक्षात ठेवतं," काका म्हणाले. आपल्या आजीबद्दल म्हणाले ते.

मला झोंबलं. आणि दुसरंही काही झालं, ते लपवत नाही. शेठचं घराणं मोठं निघालं, याचा आतून आनंद झाला.

मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. सुट्टीच्या दिवशी कल्याणच्या वाचनालयात जायला लागले. गावाच्या इतिहासाची जुनी पुस्तकं काढून बसायचे. शेठ लगेच सापडला. देवळाच्या पायऱ्या बांधल्या, विहीर खोदली, दुष्काळात धान्य वाटलं. देवळात जाऊन बघितलं, पायरीच्या दगडात त्याचं नाव कोरलेलं आहे. लोक पाय देऊन जातात तरी पुसलेलं नाही.

पणजी शोधत होते. तिच्या जातीचा उल्लेख मिळाला, जंगलातल्या मालाच्या प्रकरणात. साग, खैर, मध, कोळसा, कातकरी. याच क्रमाने. दुसऱ्या एका पुस्तकात आम्हाला चोरीची खोड असते असं होतं. मी 'आम्हाला' असं पहिल्यांदा वाचलं. पुस्तकात तर 'त्यांना' होतं. शाळेत एका काळ्या, विस्कटलेल्या केसांच्या मुलीला आम्ही सगळ्या कातोडी, म्हणजे कातकरीच, म्हणून हाक मारायचो. मीही मारायचे.

पुस्तकं मिटली आणि डोंगराखालच्या कातकरी वाडीवर गेले. शिळफाट्याहून पुढे रिक्षा, मग चालत. एका बाजूला टॉवरचं काम चाललेलं, दुसऱ्या बाजूला कुडाची घरं. सोमीआजी दारात बसलेली. वाडीतली सगळ्यात म्हातारी. मी वखारीच्या शेठचं नाव घेतलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"बुधीची का तू?"

मला नाव मिळालं. बुधी.

"माज्या आईची मावशी ती," सोमीआजी म्हणाली. "भट्टी तिच्यावानी कोनाला रचता येत नव्हती. शेठ तिला इचारल्याबिगर भट्टी फोडायचा नाय. पोराला नेला तवा चालत कल्यानला गेली. वखारीच्या दारात बसली. दोन दिस. हाकलली तिला."

"मग?"

"मंग काय. आली. मानसं रडून परत येतात, तशी आली."

आजीचा नातू मला वर माळावर घेऊन गेला. भट्ट्यांच्या जागा अजून दिसतात. काळे गोल. माती बोटांनी उकरली की कोळशाची कणी लागते. मी तिथे बराच वेळ बसले. माझ्या माणसांचा हात लागलेली, मला दिसलेली पहिली गोष्ट ती होती.

एवढं झाल्यावरही मी शेठच्या घराण्याकडे गेले. त्यांचा कुलवृत्तांत निघत होता. संपादक निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवलीतच राहणारे. शांत, सभ्य. चहा दिला. सगळं ऐकून घेतलं.

"पुरावा काय, ताई?"

मी आजोबांचा फोटो पुढे केला. भिंतीवर शेठचा फोटो होता. तेच कपाळ, तीच हनुवटी. त्यांनी दोन्हीकडे बघितलं.

"चेहरे पुष्कळ जुळतात," म्हणाले. मग फोटो परत देत, "असं करू. परिशिष्टात आश्रितांची यादी आहे. घराण्याने सांभाळलेली माणसं. तिथे तुमच्या आजोबांचं नाव घेता येईल."

"आणि बुधीचं?"

"त्यांचं कसं घेणार? लग्न कुठे झालं होतं?"

मी हो म्हटलं. आश्रित तर आश्रित. कुठेतरी छापून येईल, बाबांना जे जमलं नाही ते मला जमेल, असं वाटलं. संमेलनाचं बोलावणं आलं तेव्हा नवी साडी घेतली. ओळखपत्रावर सगळ्यांच्या नावाखाली शाखेचा आकडा होता. माझ्या नावाखाली कोरं.

आणि मग अण्णांचा तो विनोद.

दुसरा हशा ओसरला तेव्हा मी उभी होते. कधी उठले ते आठवत नाही.

"तिचं नाव बुधी होतं," मी म्हणाले. माईक नव्हता, पण हॉल शांत झालेला. "तुमच्या आजोबांना भट्टी तिने शिकवली. तिचा मुलगा तुम्ही ओढून नेला. वखारीत हमाल केला."

अण्णांना राग आला नाही. ते गोंधळले. शेजारी उभ्या असलेल्या संपादकांकडे वळून विचारलं, "कोण ही?"

संपादक खालच्या आवाजात म्हणाले, "आश्रितांपैकी."

माईक चालू होता. तो शब्द सगळ्या हॉलमध्ये गेला.

शेजारची बाई माझा पदर ओढत होती. "अगं बस. जेवणं व्हायचीत अजून."

मी संपादकांना म्हणाले, "माझ्या आजोबांचं नाव यादीतून काढा. कुणी कुणाला सांभाळलं ते तुम्हाला माहीत आहे."

ओळखपत्र खुर्चीवर ठेवलं आणि निघाले. मागे कुणीतरी वाढायला घ्या म्हणालं. जिना उतरले. बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडले. पहिल्यांदा ज्या हशात मी सामील झाले, त्यासाठी जास्त.

कोणीतरी काकांना फोन केला. ते संध्याकाळी घरी आले, बसले नाहीत.

"माझ्या मुलीचं जमत आलंय," म्हणाले. "तुझं हे थांबव."

"कातकरी निघालो म्हणून मोडेल?"

"मोडेल. तुला माहीत आहे मोडेल."

मला माहीत होतं. चुलत बहीण माझी लाडकी. तिचा फोन त्यानंतर आलेला नाही. लग्न झालं की मोडलं, तेही मला कुणी सांगितलं नाही.

दवाखान्यात सांगितलं, मी कातकरी. एक मैत्रीण म्हणाली, मग आता जातीचा दाखला काढ, सवलत मिळेल. नाही काढणार. वाडीतल्या पोरांना तो अजून मिळालेला नाही. एकोणीसशे पन्नासच्या आधीचा पुरावा मागतात त्यांच्याकडे. भट्टीच्या काळ्या गोलाला कोण पुरावा मानतं? त्यांचे अर्ज आता मी लिहिते, त्यांच्याबरोबर कचेरीत जाऊन उभी राहते. परत पाठवलं की परत जाते.

सोमीआजी आणि मी वंशावळीत माणसं लावत बसतो. आईचं नाव आधी. बुधीची आई कोण, तिची आई कोण. आजी सांगते, मी रेकॉर्ड करते. शेठ त्यात येईल. त्याला गाळणार नाही. बुधीच्या मुलाचा बाप, एवढीच त्याची ओळख राहील.

मला कुणाच्या कुळात जागा नको. काका बोलले नाहीत तरी चालेल. पण पणजीचं नाव मी आता खालच्या आवाजात घेणार नाही.