पेज कुठं मिळते

कुवेतमध्ये दक्षिणेकडचं जेवण कुठं चांगलं मिळतं, हे विचारायला लोक मला फोन करतात. दस्मानच्या बाजूला इडली कुठली मऊ, रस्सम कुठलं झणझणीत, सगळी यादी माझ्या तोंडपाठ. कुणी विचारलं नाही तरी मी ती ऐकवतो. बायको म्हणते, भुकेला माणूस दिसला की तू त्याला आधी व्याख्यान वाढतोस.

तर एका शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, बेल वाजली. दारात आमचा सुतार. सावंतवाडीकडचा, कंत्राटावर आलेला, जहराला सहाजणांच्या खोलीत राहणारा. आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं त्यानं बसवलेली, तेवढीच ओळख. दोन बस बदलून आला होता. आत या म्हटलं तर दाराबाहेरच उभा. मला वाटलं, जड बूट काढायचा कंटाळा. तसं बोलूनही दाखवलं. बायकोनं पाणी आणलं, तेही नको म्हणाला. मिशी सफाचट होती. व्हिडिओ कॉलवर घरून हुकूम सुटला वाटतं, असं मी विचारलं आणि स्वतःच हसलो.

तो खाली बघत म्हणाला, "पेज-भात खंय गावात काय, साहेब?"

झालं. पेज कुठं मिळेल, असा प्रश्न, आणि तोही मला! बायको म्हणत होती, कुकर लावते, घरीच जेवा. तिला मी हातानंच थांबवलं. भात काय, तो खोलीवर रोजच शिजवत असणार. त्याला गाडीत घातलं आणि रिग्गईच्या केरळी हॉटेलात नेलं. तिथली पेज आपल्या उकड्या तांदळाच्या पेजेची सख्खी बहीण कशी, हे वाटभर समजावलं. ती सकाळीच संपते, हे मात्र यादीवाल्याला माहीत नव्हतं. मग म्हटलं, हरकत नाही, आणि सुरमई तळून मागवली, सोबत लाल कालवण, जाड तांबडा भात.

ताट आलं. त्यानं हात मांडीवरून उचलला नाही.

"काय हो," मी म्हणालो, "मालवणी माणूस आणि माशाला शिवत नाही? पुण्याला जाऊन राहिलात की काय?" आणि बोलता बोलता माझी एक तुकडी संपवलीसुद्धा.

"आवस गेली," तो म्हणाला. "काल सकाळी." मग जरा थांबून, "तुमच्या घरात भात असतलो म्हणान इलंय."

पुढचं त्यानं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, नूतनीकरणाला गेलेला. आता देश सोडला तर परत येता येणार नाही. आईला अग्नी धाकट्या भावानं दिला. यानं ते साइटवर प्लायवूडच्या थप्पीवर बसून फोनवर पाहिलं, आणि नेमकं चिता पेटताना नेटवर्क गेलं. खोलीवरचे सगळे शुक्रवारीही ड्युटीवर. गावी अशा घरात चूल पेटत नाही, शेजारचे आणून वाढतात. इथं वाढणार कोण? कालपासून पोटात काही नव्हतं. मराठी स्वयंपाकघर त्याला एकच माहीत होतं, कपाटं स्वतः बसवली होती म्हणून. तिथं त्यानं आडून मागितलं, आणि मी त्याला हॉटेलचा पत्ता दिला.

मी बाहेर येऊन घरी फोन लावला. बायकोला सगळं सांगितलं.

"कडू घास मागायला आला होता रे तो," ती म्हणाली. "घेऊन ये."

परतलो तरी सुतकामुळे तो आत आला नाहीच. जिन्याच्या पायरीवर, शेजाऱ्यांच्या चपलांच्या मांडणीला टेकून बसला. बायकोनं पिठलं-भात वाढला. कडुलिंब कुठून आणणार? ताटाच्या कडेला तिनं चार मेथीदाणे ठेवले. त्यानं ते आधी खाल्ले. मग मान खाली घालून शेवटच्या शितापर्यंत जेवला. मी शेजारी पाण्याचा तांब्या धरून उभा. एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर बायकोनं डोळ्यांनीच गप्प केलं.

हात धुऊन तो उठला. अशा वेळी येतो म्हणायचं नसतं. तो न बोलता लिफ्टमध्ये शिरला. निरोप देणाऱ्यानंही काही म्हणायचं नसतं. हे मलाही लहानपणापासून माहीत आहे. पण पाहुणा निघाला की जिभेला एकच वळण.

"या हं परत," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली नाही. दार बंद झालं. बायको ताट उचलून आत गेली. तांब्या माझ्या हातातच होता.