आईनं मागितलेली आंब्याची फोड

आई गेली त्याला आठ महिने झाले होते. मी हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करत होते आणि विश्रांतवाडीहून सकाळी सव्वासातला कंपनीची बस पकडत होते. त्या सोमवारी बस विद्यापीठ चौकात अडकली, नेहमीसारखीच. पण माझे हात बधिर झाले, छाती धडधडायला लागली आणि आता आपण मरणार अशी खात्रीच पटली. ड्रायव्हरला दार उघडायला लावून मी खाली उतरले आणि फुटपाथवरच बसले.

दवाखान्यात ईसीजी व्यवस्थित आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग मी बसनं जाणंच सोडलं. कधी रिक्षा, कधी मैत्रिणीची स्कूटी, नाहीतर सरळ रजा. शेवटी कंपनीच्या डॉक्टरांनी कर्वे रस्त्याजवळच्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी मी पंधरा दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. "याला येरवड्यात भरती करा रे" असं आम्ही लहानपणी तिथल्या मनोरुग्णालयावरून एकमेकांना चिडवायचो. आता आपलीच पाळी आली, असं वाटत होतं.

बाई पन्नाशीच्या होत्या, सुती साडी, बारीक कापलेले केस. पहिला अर्धा तास मी फक्त रडले आणि दर दोन मिनिटांनी "सॉरी" म्हणत राहिले.

"माफी कसली मागताय?" त्या म्हणाल्या. "रडायचीच खोली आहे ही. ऑफिसात सोय नसते."

रडता रडता मला हसू आलं.

सगळं ठीक होईल, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. भीती वाटली की शरीरात काय काय होतं, ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. म्हणाल्या, "ही लाट आहे. चढते आणि उतरते. तुम्ही दर वेळी ती चढत असतानाच पळून जाता, म्हणून उतरताना कशी असते ते तुम्ही पाहिलेलंच नाही."

दर गुरुवारी निघताना घरी मी दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगत होते. बाबा शहर बसवर ड्रायव्हर होते आणि आई गेली त्याच वर्षी निवृत्त झाले होते. ती गेल्यापासून ते जवळजवळ बोलतच नव्हते. रविवारी विहारात वंदनेला जायचे, तेही बंद झालं. दिवसभर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे. पाचव्या गुरुवारी मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला एकूण दात तरी किती आहेत गं?"

मी खरं काय ते सांगून टाकलं. चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "त्या बाई म्हाताऱ्या माणसांनाही बघतात का?"

मी त्यांना घेऊन गेले. पहिल्या दोन खेपांना मी बाहेरच बसले. ते रस्त्यातल्या खड्ड्यांवर आणि नव्या गाड्यांच्या ब्रेकवर बोलले म्हणे, आणि बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या वेळी बाबांनी मलाही आत बोलावलं.

"हिच्या आईच्या किडन्या गेल्या होत्या," ते बाईंना म्हणाले. "शेवटच्या आठवड्यात तिनं आंबा मागितला. एक फोड द्या म्हणाली. मी दिली नाही. ओरडलो तिच्यावर. चार दिवसांनी ती गेली."

मला यातलं काही माहीत नव्हतं. इतके महिने आम्ही दोघंच एका घरात राहत होतो, तरी नाही. 'बाबा, तुमची काय चूक' असं मी म्हणणार, तेवढ्यात बाईंनी मला हातानंच थांबवलं.

"का नाही दिलीत?" त्यांनी बाबांना विचारलं.

"डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. आंब्यातल्या पोटॅशियमनं हृदय बंद पडू शकतं म्हणाले."

"मग?"

"मग काय? मला ती जगायला हवी होती."

एवढं बोलून ते थांबले. स्वतःचंच वाक्य पहिल्यांदा ऐकावं तसे बसून राहिले. बाईंनी घाई केली नाही. मग विचारलं, "हे त्यांना कधी सांगितलंत?"

"नाही."

"आता सांगा. आम्ही ऐकतोय."

बाबांनी सांगितलं. काय सांगितलं ते मी लिहीत नाही.

बाईंनी मला शहर बसमध्ये बसायचा सराव करायला सांगितला होता. आधी एक स्टॉप, मग तीन, मग पूर्ण रस्ता. बाबा म्हणाले, "मी येतो." विद्यापीठ चौकात बस थांबली आणि माझी छाती धडधडायला लागली.

"बाबा, उतरू या."

"उतरू की. पण सिग्नल सुटेपर्यंत बघू." मग हळू आवाजात, "क्लच कसा मारतोय बघ. महिन्यात वाट लावेल गाडीची."

सिग्नल दोनदा पडला. बाबा ड्रायव्हरच्या चुका काढत राहिले आणि ती लाट उतरताना मी पहिल्यांदा पाहिली. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "छान. पुढच्या वेळी वडील मागच्या सीटवर. त्याच्या पुढच्या वेळी घरी."

तीन महिन्यांनी मी कंपनीच्या बसनं जायला लागले. वर्षातून एखाद्या वेळी अजूनही धडधडतं. बाबांचं दुःखही कुठे गेलं नाही. पण ते पुन्हा विहारात जायला लागले, वरणभात करायला शिकले, आणि आईविषयी बोलायला लागले. तिच्याबद्दलच्या तक्रारीसुद्धा सांगायचे.

पुढच्या वर्षी त्यांच्या बसवरच्या जुन्या कंडक्टरचा तरुण मुलगा अपघातात गेला. दर ईदला आमच्याकडे शीरखुर्मा पाठवणारं घर ते. कंडक्टर काका घराबाहेर पडेनात. आम्ही भेटायला गेलो तेव्हा लोक त्यांना समजावत होते, काळ हेच औषध म्हणून. ते सगळे उठून गेल्यावर बाबा काकांच्या शेजारी जाऊन बसले.

"मी जाऊन आलोय एका बाईंकडे," ते म्हणाले. "वर्षभर तोंड शिवून बसलो होतो. तिथं बोललो."

"लोक काय म्हणतील?"

"वेडा म्हणतील. मलाही म्हणाले. मी येतो सोबत, बाहेर बसतो."

ज्या माणसाच्या तोंडून मला शब्द ऐकायला मिळत नव्हता, तो हे म्हणत होता. बाबांनी पंचवीस वर्षं भरलेली बस चालवली, पण त्यांचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

त्यानंतर कित्येक गुरुवार, काका आत असताना, बाबा बाईंच्या जिन्यात पेपर वाचत बसायचे. एकदा मी ऑफिसातून परस्पर तिकडेच गेले. काका बाहेर आले, डोळे लाल. बाबांनी पेपरची घडी घातली, काकांच्या हातात चपला दिल्या आणि म्हणाले, "चला, चहा घेऊ."