राणोजीरावांचं न उघडायचं दार

माझी छत्री राणोजीरावांच्या पंपात गेली, आणि त्यात छत्रीची काही चूक नव्हती. वाकून पाहू नका, असं त्यांनी मला दोनदा मराठीत आणि एकदा तमिळमध्ये सांगितलं होतं.

साल एकोणीसशे एकसष्ट. मी पुण्याहून मद्रासला बदलून आलेला. तिरुवल्लिक्केणीत आम्ही एकाच अंगणातले भाडेकरू. राणोजीराव तंजावरकडचे, त्यांची मराठी भोसल्यांच्या दरबारातून निघून वाटेत तमिळ हेल गोळा करत आलेली. नोकरी कूवम नदीकाठच्या एका पंपघरात. साऱ्या पेठेचं सांडपाणी तिथल्या विहिरीत उतरायचं आणि पंप ते गावाबाहेरच्या गवताच्या शेतांकडे ढकलायचा. पंप थांबला तर दोनच वाटा: पाणी लोकांच्या न्हाणीघरांत उलटं चढू द्यायचं, नाहीतर चाक फिरवून नदीकडचं लोखंडी दार उघडायचं.

आयुधपूजेला सारं मद्रास यंत्रांना गंध लावतं. राणोजीराव पंपाला लावत तो चालावा म्हणून, आणि दाराच्या चाकाला दोरा बांधत ते फिरू नये म्हणून. नऊ वर्षांचे नऊ दोरे होते. एकही तुटलेला नव्हता.

मी पंपघर पाहायला गेलो त्या रविवारी कचरा अडवणारी जाळी साफ करायला वर काढली होती आणि दुसरा पंप दुरुस्तीसाठी खोललेला होता. छत्रीने मुहूर्त बरा साधला. पंप घरघरला, खोकला, गप्प झाला. विहीर चढू लागली. राणोजीराव दोऱ्यांच्या गाठी सोडवायला बसले. निरगाठीच त्या, सुटेनात. मग ते उठले आणि त्यांनी चाक फिरवलं.

"पुलाखाली पोरं पोहतात. पळा, बाहेर काढा त्यांस," ते म्हणाले.

मी पळालो. माझ्याजवळ तमिळ शब्द तीन: भात, बस आणि 'वेंडाम', म्हणजे नको. काठावर नाचत मी "वेंडाम, वेंडाम" ओरडलो. पोरं हसली. एकाने खास मला दाखवायला कोलांटी उडी मारली. मागून राणोजीराव आले, धोतरासकट छातीभर पाण्यात शिरले आणि एकेकाला दंडाला धरून बाहेर काढलं. सात होती. तोवर पाण्याचा रंग बदलला होता.

दोन तासांत मिस्त्रीने छत्रीच्या काड्या काढल्या, दार बंद झालं. माझ्या लेखी प्रकरण मिटलं. पण राणोजीराव रोज सकाळी ड्यूटीआधी पुलाजवळच्या झोपड्यांत जाऊ लागले. पोरांच्या कपाळाला हात लावून परतायचे. घरी ताकभाताच्या चार घासांपलीकडे काही खाईनात.

आठव्या दिवशी त्यांच्या पत्नी, कृष्णवेणीबाई, नळावर मला म्हणाल्या, "आमची अंबुजा ह्याच पाण्यांत खेळून आली होती. दार उघडं होतं त्या दिवशी. विषमज्वर झाला. सहा वर्षांची होती. मग ह्यांनी ऑफिसांतली खुर्ची सोडून हें पंपघर मागून घेतलें. लोक हसले. हसोत."

मी घागर तिथेच ठेवली. राणोजीराव झोपड्यांकडून परतत होते. त्यांना दारातच गाठलं.

"पाहिलीत ना? सातही धडधाकट. आठ दिवस झाले. आता तरी पोटभर जेवा, राणोजीराव."

वहाणा काढता काढता ते म्हणाले, "अंबुजेला ताप तेराव्या दिवशी आला."