तळमजल्यावरचा उठावना

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी कायद्याच्या वर्गात पाऊल टाकलं आणि अख्खा वर्ग उठून उभा राहिला. कोण आलं म्हणून मीही मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग मी दोन्ही हातांनी "बसा, बसा" केलं, फळ्याजवळ उभी राहून सगळ्यांना पोटभर पाहून घेतलं आणि शांतपणे तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. पाच मिनिटांनी खरे प्राध्यापक आले. माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान होते. मला पाहून तेही क्षणभर दारातच थांबले, आत यायला परवानगी हवी असल्यासारखे.

माझ्या शेजारी महूची एक मुलगी बसायची. बावीस वर्षांची, ताठ पाठीची, खोटं बोलायला सांगितलं तर कानापर्यंत लाल होणारी. तिच्या घरी तीन पिढ्या फौजेत. पहिल्या आठवड्यात तिने मला "काकू" म्हटलं. मी तिच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या आठवड्यापासून "ताई" झालं.

तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो, एका डब्यातून जेवलो. शेवटच्या सत्रात अडचण आली. एखाद्या वकिलाकडे सहा आठवडे काम शिकल्याचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय परीक्षेचा फॉर्मच घेणार नव्हते. माझं सोपं होतं. नवऱ्याचा आतेभाऊ वकील. त्याच्या ऑफिसात शिकणाऱ्यांसाठी एकच खुर्ची होती आणि ती मी माझ्या देहयष्टीने पूर्ण व्यापली होती. हिचं मात्र कोणीच नव्हतं. ती अकरा वकिलांच्या दारात जाऊन आली. अकराही जणांनी एकच प्रश्न विचारला, "किसके रेफरेंस से आई हो?"

"ताई, मी कोणाचं नाव सांगू?" ती कॅन्टीनमध्ये म्हणाली. "आमच्याकडे सगळे फौजी. येत्या सोमवारी काम सुरू नाही केलं तर सहा आठवडे भरत नाहीत. वर्ष गेलं माझं."

आता इंदूरच्या जुन्या मराठी घरातल्या बाईसमोर कोणी असं बोलावं का? आमचे पणजोबा संस्थानच्या हत्तीखान्याच्या किल्ल्या सांभाळायचे. हत्ती गेले, खाना गेला, किल्ल्याही कुठे गेल्या कोण जाणे, पण "आपल्या ओळखी आहेत" हे वाक्य आमच्या घरात चार पिढ्या शाबूत आहे. मी समोसा खाली ठेवला आणि म्हटलं, "ओळखीचं माझ्यावर सोड."

दुसऱ्याच दिवशी मी ओळखी बाहेर काढल्या. पहिल्या वकिलांच्या घरी फोन लावला, तर ते वारून दोन वर्षं झाली होती आणि त्यांच्या सूनबाईंना वाटलं मी आत्ता सांत्वनाला फोन केला आहे. दुसऱ्यांनी वकिली सोडून शहराबाहेर राऊला प्लॉट विकायचा धंदा काढला होता. त्यांनी मुलीचं काही ऐकून घेतलं नाही, पण मला कोपऱ्यावरचा प्लॉट दाखवायची फार तयारी दाखवली. तिसरे मानपुरला एका महाराजांच्या आश्रमात राहायला गेले होते आणि गुरुवारपर्यंत मौनात होते. फोन त्यांनीच उचलला. मी बोलत राहिले, ते श्वास घेत राहिले.

बुधवारी सकाळी मी वर्तमानपत्र उघडलं. आमच्या शहरात लोक आधी शोकसंदेशाचं पान वाचतात, मग सरकार पडलं की राहिलं ते बघतात. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी उठावना असतो. म्हणजे दुपारी चार ते पाच एखाद्या भवनात पांढऱ्या चादरी, हार घातलेला फोटो, आणि ओळीत बसलेल्या घरच्यांसमोर हात जोडून, दोन पाकळ्या वाहून जाणारे लोक. आयुष्यभर ज्याच्याशी बोलला नाहीत त्याच्या उठावन्याला गेलात तरी घरचे ते विसरत नाहीत. निदान आमच्या घरात तरी असं मानतात.

आणि त्या पानावर मला दिसलं की शहरातल्या एका फार मोठ्या वकीलबाईंचे सासरे गेले आहेत. हिच्या अकरा दारांतलं सर्वांत जड दार त्यांचंच होतं. उठावना त्याच दिवशी.

"ताई, हे बरोबर नाही," ती म्हणाली. "कोणी मेलंय आणि आपण कामासाठी जायचं?"

"कामाचं एक अक्षर काढायचं नाही. फक्त चेहरा दाखवायचा. शनिवारी ऑफिसात गेलीस की त्या म्हणतील, अरे, ही तर त्या दिवशी आली होती."

"आणि त्यांनी विचारलं, कशी ओळख होती, तर?"

"तर मी आहे ना!"

ह्या वाक्यावर तिने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, तशी नजर पुढे माझ्या सहा आठवड्यांत मी कोर्टात अनेक साक्षीदारांच्या डोळ्यांत पाहिली.

तिच्या स्कूटरवरून आम्ही मल्हारगंजातल्या त्या भवनापाशी पोचलो. मी पांढरी साडी नेसले होते, तिचा कॉलेजचा पांढरा ड्रेस होताच. काळा कोट मी तिला डिकीत टाकायला लावला. भवनाच्या जिन्यावर चपलांचा असा डोंगर होता की वर जायला वाट नव्हती. बायकांचा नुसता कलकलाट.

"वर आहे वाटतं," ती म्हणाली.

"वेडी का तू? उठावन्याला इतकी गर्दी असते का? वर साड्यांचा सेल असणार. हे बघ, खाली पांढऱ्या चादरी."

तळमजल्याच्या हॉलमध्ये खरोखरच पांढऱ्या चादरी होत्या. फोटो होता, हार होता, फोटोशेजारी पितळेची छोटी घंटा होती. चादरी दोनशे माणसांच्या होत्या आणि माणसं आम्हा दोघींना धरून नऊ. त्यांतला एक माइक धरून उभा होता आणि एक झोपला होता. आम्ही पाकळ्या वाहिल्या. मी घरच्यांची ओळ न्याहाळली. एक म्हातारी, तिचा चाळिशीचा मुलगा, सून. वकीलबाई कुठेच नाहीत.

"आत रडत असतील," मी कुजबुजले.

नेम असा की दोन मिनिटं बसायचं आणि निघायचं. पण नऊ माणसांच्या उठावन्यातून दोघी उठल्या तर सात राहतात, त्यातला एक झोपलेला. मला उठवेना. तेवढ्यात माइकवाले गृहस्थ आमच्यापर्यंत आले. उठावन्यात वेगवेगळ्या संस्थांकडून आलेली शोकपत्रं वाचून दाखवायची पद्धत आहे, आणि ह्या माणसाकडे वाचायला एकही पत्र नव्हतं. हातातल्या कोऱ्या कागदाची त्याने पुंगळी केली होती.

"बेनजी, आप लोग किस संस्था से?"

मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "विश्वविद्यालय से. विधि विभाग."

त्याचा चेहरा उजळला. तो धावतच पुढे गेला. "बड़े हर्ष का विषय है," तो माइकवर म्हणाला, मग जीभ चावून, "अत्यंत दुःख का विषय है कि आज विश्वविद्यालय के विधि विभाग से प्रतिनिधिमंडल पधारा है! मैडमजी दो शब्द कहेंगी."

प्रतिनिधिमंडळाच्या अर्ध्या भागाने माझा पदर धरला. "ताई, नका जाऊ. ताई!" पण समोर माइक, अंगावर पांढरी साडी आणि आठ श्रोते, झोपलेलाही आता जागा झाला होता. शाळेत असताना गणपतीच्या नाटकात मला सतत झाडाची भूमिका दिली होती. त्या सगळ्या झाडांची भरपाई मी त्या दिवशी केली.

मी फोटोकडे पाहिलं. मिशा झुपकेदार, छाती रुंद. एवढ्या मिशांमागून आवाज बारीक येणं शक्यच नव्हतं. मी सुरुवात केली. असा माणूस पुन्हा होणे नाही, म्हटलं. शिस्त म्हणजे शिस्त, पण मन लोण्याचं. मला म्हणायचे, बेटा, उमर को मत देखो, पढ़ो. माझा गळा खरोखर दाटून आला; खोटं बोलताना तो नेहमीच चांगली साथ देतो. शेवटी मी हात फोटोकडे नेला आणि म्हटलं, "आज भी उनकी वो बुलंद आवाज़ मेरे कानों में गूंज रही है. अभी पिछले महीने ही तो बोले थे!"

माइकवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे.

म्हातारीने पदर मागे सारला. "आपसे बोले?"

"जी, माताजी."

"पिछले महीने?"

"जी."

"बारा साल पहले गले का ऑपरेशन हुआ था," मुलगा हलकेच म्हणाला. "तब से आवाज़ गई. पिताजी तो घंटी बजाते थे."

मी फोटोशेजारच्या घंटेकडे पाहिलं. घंटेनेही माझ्याकडे पाहिलं असावं.

आणि नेमक्या त्याच क्षणी वरच्या मजल्यावरचा भोंगा सुरू झाला. अमुक संघ, तमुक संघ, एकामागून एक शोकपत्रं, आणि प्रत्येकात आमच्या वकीलबाईंचं नाव. छतातून ते टपटप खाली पडत होतं. साड्यांच्या सेलमध्ये कोणी शोकपत्रं वाचत नाही, हे मला एवढ्या विद्वत्तेनंतर कळलं.

मी माइक धरून उभी. दार वीस पावलांवर. माझ्या मनात फक्त चपला होत्या. पण ही मुलगी उठली, माझ्या शेजारी येऊन सावधानमध्ये उभी राहिली आणि कानापर्यंत लाल होत म्हणाली, "माफ कीजिए. हम आपको नहीं जानते. हमें ऊपर जाना था. मुझे एक वकील मैडम के यहां काम सीखना है, पहचान नहीं है, तो हम चेहरा दिखाने आए थे. गलत मंज़िल पर आ गए. ताई ने जो बोला, सब झूठ था." मग तिला ते फारच कडक वाटलं असावं. "मन से बोला, पर झूठ था."

म्हातारीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं आता रडणार आणि ते पाप माझ्या माथी. पण ती हसत होती. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. "बारा साल मुझसे नहीं बोले," ती म्हणाली, "और इनसे पिछले महीने बोल लिए! मूंछ वाले का कोई भरोसा नहीं!" सून हसली, माइकवाला हसला, झोपलेला का हसतोय ते न कळता हसला. उठावन्यात इतकं हसू मी पुन्हा कुठे ऐकलं नाही, आणि वर भोंगा शोक व्यक्त करतच होता.

"वर जा," मी तिला कुजबुजले. "अजून पाच वाजायला दहा मिनिटं आहेत."

"आणि काय सांगू त्यांना? खालचं आटोपून आले?"

ती वर गेली नाही. तिने माताजींच्या पायाला हात लावला आणि दाराकडे वळली. तेवढ्यात मुलाने तिला थांबवलं.

"मैं भी वकील ही हूं," तो म्हणाला. "ऑफिस-वॉफिस नहीं है. कोर्ट में जीने के नीचे एक टेबल है और डेढ़ कुर्सी. चलेगा?"

ती पुन्हा सावधानमध्ये उभी राहिली. मग म्हणाली, "मेरा कोई रेफरेंस नहीं है, सर."

"अभी माइक पर दिया ना. भरी सभा में सच बोल गईं." तो डोळे पुसत होता, हसून की रडून, ते कळत नव्हतं. "वकालत में ये आदत थोड़ी तकलीफ देगी, पर देख लेंगे. सोमवार को दस बजे." मग माझ्याकडे वळला. "और आपको तो, मैडम, सीखने की ज़रूरत ही नहीं है."

अर्धी खुर्ची म्हणजे काय, ते सोमवारी कळलं. तिला पाठ नव्हती. ताठ पाठीच्या मुलीला तिची गरजही नव्हती. सहा आठवडे ती त्या जिन्याखाली बसली, वरून लोकांच्या पायांची धूळ फायलींवर पडायची, ती झटकून ती अर्ज लिहायची. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी आम्ही प्रमाणपत्र घेऊन खिडकीशी उभ्या राहिलो. बाबूने शिक्का उलटासुलटा पाहिला. "ये वकील साब कौन हैं? नाम नहीं सुना."

मी तोंड उघडलं. तिने सरळ माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "मेरे सर हैं." बाबूने शिक्का मारला.

आता ती जिन्याखालच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वकिली करते. दोन पूर्ण खुर्च्या आल्या आहेत. मी परीक्षा पास झाले, पण सरांचं म्हणणं मानून वकिली काही केली नाही. दरवर्षी त्यांच्या घरी श्राद्धाला मात्र आम्हा दोघींना बोलावणं असतं. जेवण झालं की माताजी ती घंटा वाजवतात आणि माझ्याकडे बोट करतात. "हां, प्रतिनिधिमंडल, इस साल क्या बोले?"

मला दरवर्षी काहीतरी नवं आणावं लागतं. ह्या वर्षी मी फोटोकडे पाहून गळा दाटवला आणि म्हटलं, "बोले, कढ़ी में नमक कम है."

"झूठ," माताजी म्हणाल्या. "वो कढ़ी खाते ही नहीं थे."

मी आधारासाठी माझ्या महूच्या वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी ताटातली जिलबी मोडली, सरांकडे एक तुकडा सरकवला आणि म्हणाल्या, "ताई, मी तुमची केस घेत नाही."