गाडी भरेपर्यंत

त्या दुपारी मी ओसरीवरच्या सॉकेटचं फडकं काढून ठेवलं होतं. कुसुमबाई साकोलीहून निघायच्या होत्या. आल्या की आधी विजेच्या गाडीची वायर लावणार आणि मग चपला काढणार, हा त्यांचा शिरस्ता. भात उतरवला होता, वांग्यात सुके झिंगे घातले होते, कारण माझ्या हातचं एवढं एकच त्यांना नावं न ठेवता खाता यायचं. तेवढ्यात त्यांच्या शेजारणीचा फोन आला. बाई झोपाळ्यावर बसल्या बसल्याच गेल्या. साडी नेसून तयार, हातात गाडीची चावी. मी फोन ठेवला आणि मनात पहिलं काय आलं सांगू? की बाईंनी जन्मात पहिल्यांदा जेवण चुकवलं. रडू मागाहून आलं... चांगलं आलं.

कुसुमबाई माझी नणंद. वयाने माझ्याहून लहान, पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की नणंदेला ‘तुम्ही’ म्हणायचं. ते मी जन्मभर पाळलं, भांडण सोडून. भांडणात आम्ही दोघी ‘तू’वर यायचो आणि मग बरं वाटायचं. मी पवनीची, विणकरांच्या घरची. माहेरी छताला पंखा होता, आणि एकोडीच्या या शेतकरी घरात मी आले तेव्हा स्वतःला विजेचीच माहेरवाशीण समजत होते. आल्यागेल्याला पंख्याच्या गोष्टी सांगायची. ऐकणारी माणसं भली, कोणी उठून गेलं नाही. पुढे इथेही वीज आली, पंखा लागला, पण मामंजींचा नियम असा की निजायच्या आधी मेन स्विच पाडायचा. घराला लागून भाताच्या तणसाचा एवढा मोठा ढीग, एक ठिणगी उडाली की सगळं गेलं. हे काम कुसुमबाईंकडे. त्या परकरातल्या पोरीने खटका पाडला की माझा पंखा कुरकुरत थांबायचा आणि ही पवनीची महाराणी पदराने वारा घेत फुरंगटून बसायची. बाई दारातून विचारायच्या, “काहून व वहिनी, पवनीची हवा बंद झाली का?”

त्या शिकल्या, मास्तरीण झाल्या, साकोलीत घर बांधलं. जिल्हा फुटला तेव्हा त्यांची नोकरी अलीकडे राहिली आणि सासर गोंदियाकडे गेलं. “बरं झालं, सरकारनंच वाटणी करून देल्ली,” म्हणायच्या. आमचे जावईबापू गेल्यावर एकट्याच राहत. मुलगा सुधीर पुण्यात गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. त्याने कंपनीत वापरून झालेली एक गाडी आईसाठी पाठवली. अर्धी विजेची, अर्धी पेट्रोलची. घरी वायर लावून बॅटरी भरायची, जवळपासचं फिरणं तिच्यावर, आणि ती संपली की इंजिन आपोआप सुरू होतं. साठी उलटलेल्या बाई ती चालवायला शिकल्या आणि मग त्यांना घरात बघायला मिळणंच मुश्कील झालं. गोसीखुर्द धरणामुळे पुनर्वसनात गेलेल्या मैत्रिणीकडे जाऊन आल्या, नागझिऱ्याच्या रस्त्याला गेल्या, आणि जिथे तिथे सांगत सुटल्या की माझी गाडी धूर सोडत नाही, पेट्रोलचा वासही घेत नाही. मी मनात म्हटलं, ही तर माझीच पंख्याची गोष्ट. फक्त हिला चाकं आहेत.

पण त्या गाडीचा सगळा हिशेब सुधीरच्या मोबाइलवर उमटायचा. दिवाळीला तो आला तोच तोंड पाडून. मीही तेव्हा साकोलीतच होते. तो म्हणाला, “आई, ही गाडी कागदावर साध्या गाडीच्या निम्मासुद्धा धूर सोडत नाही. तुझी साध्या गाडीपेक्षा जास्त सोडते आहे. तू तिला वायरच लावत नाहीस.”

“रोज लावतो,” बाई म्हणाल्या. आमच्याकडे बायासुद्धा असं बोलतात. “रोज संध्याकाळी. दिवा लुकलुकते, तो पाहूनच आत येतो.”

“मग बॅटरी रिकामी का? रिकाम्या बॅटरीचं ओझं घेऊन गाडी नुसती पेट्रोल जाळतेय.” मग त्याने खरं ते काढलं. एवढीशी गोष्ट लक्षात राहत नसेल तर उद्या गॅस राहील, गोळ्या राहतील. गाडी विकू, घराला कुलूप लावू, पुण्याला चल. तो वाईट बोलत नव्हता, भ्यालेला होता. बाईंनी मात्र गाडीची चावी कनवटीला खोचली. पुण्याला त्यांना कोणी उपाशी ठेवलं नसतं, पण चावी कोणी हातात दिली नसती, हे त्यांना कळत होतं. आणि त्याहून जिव्हारी लागलं ते हे की आपलं डोकं चालेनासं झालं की काय, अशी त्यांची त्यांनाच शंका आली. जेवताना मला हळूच म्हणाल्या, “वहिनी, मी लावतो ना व वायर? तुम्हीच सांगा.”

जेवणं झाल्यावर मी अंगणातच बसले. गाडीला वायर लावलेली, हिरवा दिवा लुकलुकत होता. बाई उठल्या, मोरीचा दिवा बंद केला, टीव्हीचं बटण पाडलं, मग ओसरीवर आल्या, बोलता बोलता तिथल्या बोर्डाचा खटका पाडला आणि आत जायला वळल्या. हिरवा दिवा विझला.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी अशी हसत सुटले की सुधीर धावत बाहेर आला. त्या साकोलीच्या घराभोवती तणसाची एक काडी नव्हती. पण मामंजींची लेक अजून रोज त्यांचा नियम पाळत होती. सकाळी पाण्याची मोटार सुरू करायला तोच खटका वर करायची, दिवा पुन्हा लुकलुकायचा, आणि बाई गाडी भरली असं समजून वायर काढायच्या.

“काहून हासून राहिली व तू?” बाई ‘तू’वर आल्या.

“बाई, तुम्ही बैल रोज दावणीले बांधून राहिल्या, अन् चारा टाकूनच नाही राहिल्या.”

बाईंनी बोर्डाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग सुधीरकडे वळून म्हणाल्या, “पाह्य, डोस्कं ठिकाणावर आहे माहं. हात ऐकत नाही, तेवढंच.” आणि स्वतःच हसायला लागल्या. “म्हून तो बैल दुसऱ्याच्या वावरात चरून येते. पेट्रोल पंपाच्या.”

सुधीरने त्या बटणावर लाल पट्टी चिकटवली. उपयोग शून्य. बटण चालू ठेवून बाईंना झोप लागेना, उठून पाडून यायच्या. शेवटी त्यांनीच वाट काढली. एकोडीला आमच्या छतावर माझ्या पोराने सोलर लावलं होतं. भरदिवसा, उन्हाच्या विजेवर, माझ्या ओसरीवर गाडी भरायची. जाणं-येणं एका भरण्यात बसत होतं. साकोलीतली कामं वाटेतच उरकून यायच्या, त्यामुळे इंजिन कधीमधीच बोलायचं. मोबाइलवरचं पेट्रोल उतरलं आणि सुधीरने पुण्याचं नाव काढणं सोडलं.

मी चिडवायची, “भरायले यायचं, अन् यायले लागते म्हून भरायची. ही कोनती बचत?”

“जेवन वाचते ना माह्या घरचं.”

एकदा मी डिवचलं, की तुमच्या साकोलीच्या घरची वीज तरी कुठली? कोळसाच जळतो कुठेतरी. धूर तुमच्या मागे नाही, दुसऱ्याच्या डोक्यावर. बाई म्हणाल्या, “हे खरं आहे. म्हून तं बटन पाडतो.”

गाडी भरायला दुपार जायची. तेवढ्या वेळात आम्ही जेवलो, निजलो, गप्पांत सगळ्या गावाचं वाटोळं केलं, आणि एकमेकींच्या तरुणपणाची यथेच्छ चेष्टा केली. उन्हात तापतं म्हणून त्यांनी सॉकेटला जुन्या पातळाचं फडकं शिवलं, त्याला नाडीसुद्धा.

तेरवी झाली आणि सुधीर गाडी घेऊन पुण्याला जायला निघाला. निघताना एकोडीला आला. त्याने फडक्याची नाडी सोडली, वायर लावली आणि चपला काढल्या. मी म्हटलं, “अरे, ही बॅटरी लाखनीच्या पुढे दमन. पुन्याले तं पेट्रोलच लागन ना?”

“हो मामी,” तो म्हणाला. “पण आई सांगायची, गाडी भरेपर्यंत बसायचं.”

तो बसला. भात खाल्ला, वांग्यातले झिंगे वेचून खाल्ले, आईसारखेच. मग खाटेवर आडवा झाला आणि पंख्याखाली गाढ झोपला.

आता संध्याकाळी बटणं मी पाडते. मोरीचं, टीव्हीचं, सगळी. ओसरीवरच्या सॉकेटपाशी हात जातो... तेवढं एक चालूच ठेवते. त्याला काही लावलेलं नाही, काही जळतही नाही. आणि बटण पाडलं नाही म्हणून बाई वर बसून ओरडत असतील तर ओरडू देत, तेवढंच ऐकायचं राहिलं आहे.